गावडेकाका आणि माझी धाव

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात प्रत्येक वळणाआधी गावडेकाका थांबत आणि मोठ्यांदा खाकरत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना खोकल्याचं एक औषध सुचवलं. ते म्हणाले, "औषध कित्याक? लोकांच्या घरात जाताना दार वाजवूक होया मा?"

लोक म्हणजे बिबटे, सांबरं, माकडं.

काका मूळचे मालवणकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी रबरी चपला घालून पार्कात यायचे. मी उशिरा उगवलो. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मी ट्रेकिंगचे बूट, घडीची काठी, मानेवर झालर असलेली टोपी आणि एक शिट्टी घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेटवर काकांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि काळजीने विचारलं, "साहेब, परत कधी येतलात?"

पहिल्याच चढाला मला धाप लागली. काका थांबले, पण माझ्यासाठी थांबलेत असं वाटू नये म्हणून एका झाडाकडे बघत राहिले. दर चढाला त्यांना बघण्यासारखं नवं झाड सापडायचं. माझी साखर काही उतरली नाही, जोडी मात्र जमली.

चालण्यापेक्षा बोलण्यात मी पुढे होतो. बिबट्यांवरचे सगळे व्हिडिओ माझे बघून झाले होते. फिरून आल्यावर गेटाबाहेरच्या टपरीवर आमच्या वॉकवाल्या मंडळींना मी शिकवायचो, "समोर आला तर पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. हात वर करून मोठं दिसायचं." काका बशीत चहा ओतून ऐकत आणि म्हणत, "माहितीचो माणूस."

मग मी कॅमेरा घेतला. "काका, आज खाकरू नका हां. एक तरी फोटो मिळू दे ना."

"चोरासारखा जावचा?"

"एकच दिवस हो."

माझ्या हट्टापायी ते गप्प राहिले. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध बिबट्या बसला होता. पंधरा पावलांवर. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, असं मी बरेच महिने स्वतःलाच सांगत होतो. आठवतं सगळं. मी पाठ दाखवली. काठी फेकली. सत्तरीच्या म्हाताऱ्याला तिथे टाकून जो सुटलो तो थेट गार्डच्या चौकीत जाऊन टेबलावर आपटलो. धाप लागली नाही, हेही आठवतं. गार्डला घेऊन परत गेलो, तेव्हा काका रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले होते. हातात माझी काठी.

"गेलो तो," ते म्हणाले. "झाडीत."

टपरीवर बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता वाट लागली, असं मनात म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात काकांनी सांगून टाकलं, "साहेब धावत जावन गार्डाक घेवन इले. नायतर मी खय असतंय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कोणीतरी जायलाच हवं होतं ना." त्या दिवसापासून माझा चहा आधी यायला लागला. पुढे पुढे तर मी त्या धावण्यामागची योजनाही समजावून सांगू लागलो. काका मान डोलवत. फक्त एकदा, दोघंच असताना, माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "बरे हत. धावतत चांगले."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठले नाहीत. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमधल्या शोकसभेत मंडळींनी मलाच बोलायला उभं केलं. माणूस किती निर्भय होता ते सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. त्यांच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "मी पळालो होतो. त्यांना टाकून पळालो होतो."

खाली उतरून मी काकूंपाशी गेलो. "काकू, माफ करा. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

"माका त्याच दिवशी कळला होता," काकू म्हणाल्या. "घराक इले ते दोन तांबे पाणी प्याले. म्हणाले, तो पळालो गे. मीय पळणार होतंय, पण भियान पाय हलाकच तयार नाय."

काका आणि भीती! मला खरंच वाटेना. "मग टपरीवर त्यांनी मला का वाचवलं?"

"मीय तेच इचारलंय. तर म्हणाले, खरा सांगलंय तर तो लाजान उद्या येवचो नाय. मगे माझ्यावांगडा चलतलो कोण?"

इतके दिवस मला वाटत होतं, मी त्यांना सोबत देतो म्हणजे उपकारच करतो. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "उद्या जाशात मा फिराक?"

"जाईन," मी म्हटलं.