न केलेली घरभेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी दाढदुखीपासून सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे निघालं असतं का तोंडातून?

वाशीचा खाडीपूल होऊन दहाएक वर्षं झाली होती. मी तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायचो. आमच्या मुख्याध्यापिका शारदाबाई वारल्या, तेव्हा आम्ही शिक्षकांनी त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली — दहावीला शाळेत पहिली येणाऱ्या मुलीसाठी. बाईंची एक सवय होती. निकाल लागला की त्या हुशार मुलींच्या घरी जाऊन बसायच्या, चहा घ्यायच्या आणि बापाकडून ‘पुढं शिकवतो’ असं वदवून घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. म्हणून आम्ही नियमच केला — समितीतल्या कुणीतरी मुलीच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, अहवाल लिहायचा. मगच शिष्यवृत्ती. हा नियम कुणी सुचवला? मीच. त्यावर भाषणही ठोकलं होतं.

दुसऱ्याच वर्षी पहिली आली कुसुम. माझ्याच वर्गातली, खाडीकाठच्या गावातल्या आगरी घरातली. वडील मिठागरात राबलेले; आता मिठागर बंद, जमीन नव्या शहरात गेलेली. घरभेट माझ्याकडे आली. दोन-तीन दिवसांत येतो, असं मी तिला सांगून टाकलं.

गेलो का? निघालो होतो, एवढं खरं. बसमधून उतरलो. पुढं गावापर्यंत बांधावरून चालत जायचं होतं. बांधावर चिखल, पायात नवे बूट — पण बुटांचं नाव कशाला पुढं करू? त्या गावात, सुकत घातलेल्या मासळीच्या वासात, जमिनीवर बसून चहा प्यायची मला इच्छा नव्हती. कंटाळा होता. थोडी किळसही होती. समोरून परतीची बस आली, तीत चढलो.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. ‘मुलीचे लग्न ठरले आहे. पुढे शिकविण्याची पालकांची इच्छा नाही.’ खाली सही. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. गावातली मुलगी, लग्न ठरलं — यात शंका घेण्यासारखं कुणाला काय वाटणार? त्याच भरवशावर तर मी लिहिलं होतं.

दुसरी आलेली मुलगी आमच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायची. तिथली घरभेट मी अगदी नियमानं केली. कांदेपोहे खाल्ले. पुढं ती चांगली शिकली. तिचा यात काहीच दोष नाही.

माघात शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं पत्रिका आली. कुसुमचं लग्न. ती वाचून मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. खोटं लिहिलेलं खरं झालं होतं! शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालंसुद्धा, ‘सरांना आधीच माहीत होतं की.’ मी नुसती मान हलवली.

लग्नाला गेलो. त्या दिवशी बांध मला लांब वाटला नाही. आहेर म्हणून स्टीलचा डबा दिला. कुसुम पाया पडायला वाकली आणि उठताना हळूच म्हणाली, “सर, तुमी घरी येनार व्हतात ना? बाबा बोलले व्हते, सर येऊन सांगतील तर शिकवीन.”

आवाजात तक्रार नव्हती. माहिती दिल्यासारखं बोलली.

मी म्हणालो, “नाही जमलं.”

तिनं मान डोलावली. “जेवल्याबिगर जाव नका हां, सर,” म्हणाली आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.

मी मांडवात, जमिनीवर, पंगतीला बसलो. पोटभर जेवलो. भात दोनदा मागून घेतला.