अळणी सोमवार

माझ्या जन्माचे पेढे आधी वाटले आणि बर्फी पंधरा दिवसांनी. सुईण म्हणाली मुलगा, गावाने पेढे खाल्ले. मग मी ओकून ओकून सुकले, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, मुलगी आहे. मूत्रपिंडांवर बसलेल्या माझ्या ग्रंथी जन्मापासून भलतंच काम करतात. पुरुषी हार्मोन जास्त बनवतात आणि अंगात मीठ धरून ठेवणारा बनवतच नाहीत. म्हणून जन्मभर गोळ्या, वर भरपूर मीठ. घरात हे कुणी बोललं नाही. गावाला सांगितलं, सुईणीचे डोळे गेलेत. माझ्या गोळ्यांबद्दल विचारलं की आई म्हणे, "अशक्तपणा हाय."

आत्याने तो अशक्तपणा मनावर घेतला. मी अकरावीत असताना, पोरीच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून तिने माझ्या नावाने सोळा सोमवार बोलले आणि श्रावणात मेडशीहून एसटीने आमच्याकडे आसेगावला मुक्कामाला आली. या व्रताला मीठ चालत नाही. म्हणजे जिच्या अंगात मीठ टिकत नाही, तिचं मीठ तोडून तिला बरं करायचं! महादेवानेही कपाळावर हात मारला असेल.

आईला नको म्हणता आलं असतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा ती मला न्हाणीत बोलावून चमचाभर मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजू लागली. बाबा तिला चोरून गोठ्यात खारे दाणे देत. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यामुळे उपासाच्या दिवशीच माझ्या पोटात आठवड्यातलं सगळ्यात जास्त मीठ जाई.

चौथ्या सोमवारी आत्याने बाबांच्या खिशातले दाणे पकडले. मग ती माझ्यापुढे ठाण मांडून बसली, न्हाणीच्या दारापर्यंत मागे आली. उपासाला औषध नको म्हणून गोळ्याही तिने पदराला बांधल्या. दुपारी पोथी वाचता वाचता अक्षरं हलायला लागली. मी ओकले आणि पाटावरच कोसळले.

शुद्ध आली ती वाशिमच्या दवाखान्यात. इंजेक्शन झालं होतं, सलाईन चालू होतं. आत्या वर टांगलेल्या बाटलीकडे पाहत होती.

"ह्याच्यात काय हाय वं?" तिने नर्सला विचारलं.

"मिठाचं पाणी."

"मंजे उपास मोडला! आता पयल्यापासून धरा लागते."

माझं डोकंच फिरलं. "मारून टाकतं का मले? माया अंगात मीठ थांबवाचा हार्मोन बनतच नाई. माणसाचा मात्र जास्त बनते, म्हणून सुईण चुकली. तिच्या डोयाले काई झालं नोतं!"

डबे सोडून अख्खा वॉर्ड माझ्याकडे पाहू लागला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "माया सुनेले थायराइड हाय." आणि सगळे पुन्हा आपापल्या डब्यांकडे वळले. सतरा वर्षं दडवलेल्या गोष्टीवर एवढीच चर्चा झाली.

आत्याचा चेहरा मात्र उतरला. "मले काहून नाई सांगतलं?" तिने आईला विचारलं.

"लाज वाटे."

"लाजेपायी पोरगी गेली असती ना वं," म्हणत आत्या रडायला लागली. मग आईही रडली. माझा राग काही लगेच गेला नाही.

पुढच्या सोमवारी उपास आत्याने स्वतः धरला, पहिल्यापासून. माझ्या ताटात भाकर, ठेचा आणि चिमटीभर मीठ वाढून ती समोर बसली. मी सगळ्यांदेखत जेवले.

"आता देवाले काय मांगून राह्यली?" मी विचारलं.

"काई नाई. चार सोमवार मांगतलं, इच्या गोया सोडव. त्यानं आयकलं असतं तं! ते वापस घेऊन राह्यली."