महामायाने परत केलेला गूळ

रोहिणखेडच्या रस्त्याला, आमच्या घरापुढे कोसभरावर क्रशर आहे. तिथे दगडाची गिट्टी होते. महामाया पंधरा वर्षं तिथे टोपल्यांनी दगड वाहते. संध्याकाळी परतताना माझ्या अंगणातल्या नळावर तोंड धुते. येते तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असतात. धुतल्यावर बाई पुन्हा चाळिशीची होते.

तिचा नवरा प्रेमानंद क्रशरच्याच खदानीत सुरुंगाची भोकं पाडायचा. खोकून खोकून तीन वर्षांपूर्वी गेला. दोनदा टीबीची औषधं घेतली, तपासणीत टीबी मात्र एकदाही निघाला नाही.

यंदा महामायालाही दम लागू लागला. बुलडाण्याहून आणलेला एक्स-रेचा कागद मी वाचून दाखवला. दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय. बसली ती निघायची नाही, नवी जाऊ देऊ नका.

"आन मंग गूळ, ताई?"

सुटीच्या वेळी मुकादम कचरू प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. खाल्ला की धूळ उतरते म्हणे.

"गूळ पोटात जातो गं. धूळ छातीत."

क्रशरवर धूळ दाबायला पाण्याचे फवारे आहेत, पण कुणी साहेब येणार असला तरच सुटतात. एरवी नाहीत, कारण ओल्या भुकटीने गिट्टी चाळायची जाळी तुंबते, काम थांबतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने गूळ खाल्ला नाही, फडक्यात बांधत गेली. आठव्या दिवशी मालक माणिकराव आले, तेव्हा मुंग्या लागलेली ती गाठ तिने त्यांच्या टेबलावर सोडली.

"हे काय व?"

"तुमची दवाई. तुमीच खा, आन दिवसभर जाळीपाशी उभे राहा. उतरते का धूळ, पाहू."

कचरू धावत आला. "काम पायजे का नाही तुले?"

"पायजे. म्हणूनच बोलून राह्यली. पाणी सोड."

"जाळी तुंबन ना!"

"जाळी झाडता येते, बे. माही छाती कोन झाडन?"

टोपलं पालथं घालून ती त्यावर बसली. मग गोजरबाई बसली, मग बाकीच्या. दुपारपर्यंत एक दगड हलला नाही. शेवटी माणिकरावच कचरूवर ओरडले, "सोड बे पाणी!"

आता तिच्या पापण्या काळ्याच असतात, लुगडं तेवढं चिखलाने भरलेलं. दम अजून लागतो. काल नळावर खोकत खोकतच हसली.

"तीनदा बंद केला कचरूनं पाण्याचा कॉक आज."

"मग?"

"मंग काय? मी चारदा उघडला."