अक्कलदाढ आणि अंटार्क्टिका

भूकंपानंतरच्या आठवड्यात टोकियोच्या पूर्वेकडच्या हिगाशी-कसाईतली आमची इमारत रिकामी झाली. पुण्या-मुंबईची कुटुंबं मिळेल त्या विमानाने गेली. बायको आणि मुलगीही गेल्या. मी राहिलो, कारण बर्फ राहिला होता.

टोकियोच्या पश्चिमेला ज्या संस्थेत मी नोकरी करत होतो, तिथे उणे वीस अंशांची एक खोली होती. अंटार्क्टिकात खोलवर भोक पाडून काढलेल्या बर्फाचे मनगटाहून जाड दंडगोल तिच्यात पेट्या भरून रचलेले होते. त्यांतला काही बर्फ माणूस शेती शिकला त्याच्याही आधी पडलेला. त्या मार्चमध्ये आमच्या भागातली वीज ठरवून तीन-तीन तास घालवत. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. ड्राय आइस मिळाला तरच बर्फ वाचणार होता, आणि तो पुरवणारा म्हातारा व्यापारी म्हणत होता, नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच पुरत नाही.

जपानात घासाघीस करत नाहीत असं सगळे सांगतात. करतात, फक्त आवाज न चढवता. त्याची दोन माणसं उत्तरेकडे आपली घरं शोधायला गेली होती. मी म्हटलं, मी गाडी भरतो, मला रोज चार पेट्या द्या. त्याने माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि हातमोजे दिले. बारा दिवस मी सकाळी मासळीवाल्यांसाठी ड्राय आइस चढवला आणि दुपारी आमच्या खोलीत. एकही पेटी वितळली नाही.

प्राध्यापकांनी तीनदा वाकून आभार मानले. मी म्हटलं, आभार नकोत, अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पुढच्या तुकडीत हिवाळाभर राहायची जागा द्या. सहा वर्षं मी तो बर्फ करवतीने कापत होतो आणि तो जिथे पडतो ती जमीन पाहिली नव्हती. वाऱ्याबरोबर उडणारा बर्फ पकडायचं एक यंत्रही मी तिथल्या तळासाठी बनवलं होतं. ते बसवायला मीच जाणं योग्य होतं. प्राध्यापकांनी थोडा विचार करून नाव पाठवलं. त्यांनी शब्द पाळला, हे मला मान्य आहे.

इचलकरंजीत शाळेत असल्यापासून मी यंत्रमागाचे जुने सुटे भाग विकत होतो. डिप्लोमा, डिग्री, डॉक्टरेट, सगळं त्याच जोरावर झालं. समोरचा पहिल्यांदा जे सांगतो ते शेवटचं नसतं, एवढंच मी त्या बाजारात शिकलो आणि ते मला जगभर उपयोगी पडलं. दातांच्या डॉक्टरपर्यंत.

तळावर हिवाळ्यात जहाज येत नाही, विमानही येत नाही. डॉक्टर असतात, दातांचा डॉक्टर नसतो. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाचे दात आधी तपासतात. माझ्या तोंडात आरसा घालून डॉक्टर म्हणाला, "खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढाव्या लागतील."

"दुखत नाहीत."

"तिथे दुखतील."

"एक काढा. दुसरीवर लक्ष ठेवू."

"तिथे लक्ष कोण ठेवणार?"

"मी ठेवीन."

तो हसला नाही. मी सांगितलं की या दातांनी मी लहानपणापासून ऊस सोलून खाल्लाय, तुमच्या देशात असे दात सापडणार नाहीत. मग आवाज चढला. बाहेर बसलेली बाई मासिकाआडून बघायला लागली. डॉक्टरने मान लववली, एक दाढ काढली, आणि फॉर्मवर जे लिहायचं ते लिहिलं. मी जिंकलो असं समजून घरी आलो.

पंधरा दिवसांनी यादी लागली. माझ्या जागी माझ्याच प्रयोगशाळेतला, मला दोन वर्षं ज्युनियर असलेला जपानी मुलगा होता. करवत कशी धरायची हे त्याला मी शिकवलं होतं. राखीव म्हणून त्याचं नाव होतं आणि त्याने गुपचूप चारही दाढा काढून घेतल्या होत्या. मी प्राध्यापकांकडे गेलो. दुसरी उद्या काढतो म्हटलं, आज काढतो म्हटलं. ते म्हणाले, "यादी गेली." मी ओरडलो. त्या इमारतीत त्याआधी कुणी ओरडलं नसावं, कारण दारं उघडली आणि लगेच बंद झाली. बाहेर तो मुलगा उभा होता. मी त्याला म्हटलं, "माझ्या जागेवर चाललायस." त्याने बाजूला सरकून मला वाट दिली. त्याला निरोप द्यायला विमानतळावर सगळी प्रयोगशाळा गेली, मी गेलो नाही.

पुण्याहून बायकोने फोनवर विचारलं, "अहो, दाढेची घासाघीस केलीत? ती काय मेथीची जुडी होती?"

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"मी कुणाची बाजू घेत नाहीये. जाणार नसाल तर इकडे तरी या."

"करार आहे माझा."

"बरं," ती म्हणाली आणि मुलीला फोन दिला. मुलीला पुण्यातली शाळा आवडली होती. ती परत येण्याबद्दल काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

शेजारची कुटुंबं हळूहळू परतली. जिन्यात पुन्हा फोडणीचा वास यायला लागला. मला मात्र कुणाच्या घरी जावंसं वाटेना, कारण सगळे एकच विचारत, "काय हो, तुम्ही अंटार्क्टिकाला जाणार होतात ना?" सकाळी दीड तास गाडीत उभं राहून जायचं, उणे वीसमध्ये काम करायचं, दीड तास उभं राहून यायचं. रविवारी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, जेवणाचा डबा आणायचा. काउंटरवरची मुलगी विचारायची, "गरम करू?" कित्येक रविवारी मला कुणी विचारलेला तेवढा एकच प्रश्न असे.

फेब्रुवारीत दुपारी तीनला प्रयोगशाळेतला फोन वाजला. तळावर तेव्हा सकाळचे नऊ असतात. फोन त्या मुलाचा होता, आवाज थोडा उशिरा पोचत होता. त्याच्या, म्हणजे माझ्या, यंत्राचं तोंड बर्फाने बुजलं होतं. उपाय मला ठाऊक होता. मी म्हटलं, "सांगतो. आधी बाहेर काय दिसतंय ते सांग."

"आत्ता?"

"तुला उत्तर हवंय ना?"

तो उठून खिडकीशी गेला असावा. म्हणाला, "वादळ आहे. बाहेर जायला बंदी आहे. इमारतींमध्ये दोर बांधलेत, त्यांना धरूनच जायचं. हात लांब केला तर स्वतःचा हातमोजा दिसत नाही." मग मी त्याला तोंडाचा कोन बदलायला सांगितलं.

तेव्हापासून तोच नियम झाला. एका उत्तराला एक उत्तर. तारेचं माप सांगितलं, तर कळलं की पाण्यासाठी रोज बर्फ फावड्याने टाकीत टाकावा लागतो, आणि त्यातून प्रमुखही सुटत नाही. बॅटरी गरम कशी ठेवायची ते सांगितलं, तर कळलं की तिथे कशालाच वास येत नाही, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं की सगळे काम टाकून तिकडे बघतात. कचरा तिथेही आमच्या इमारतीसारखाच वेगवेगळा करतात आणि जहाजाने परत जपानला पाठवतात. जूनमध्ये सूर्य उगवायचा थांबला. "दुपारी बाराला उत्तरेकडे एक नारिंगी रेघ येते," तो म्हणाला. "आम्ही सगळे बघायला जमतो. काल मी स्वयंपाक्याचे केस कापले. एक बाजू बिघडली. आता तो मला लोणचं वाढत नाही."

मला हसू आलं, पण ते त्याला ऐकू जाऊ दिलं नाही. मी ते सगळं वहीत उतरवत होतो. माझ्या जागेवरून दिसणारं होतं ते. मला त्यातला वाटा हवा होता.

ऑगस्टमध्ये त्याची अडचण सुटल्यावर तो म्हणाला, "आज मी एक जास्तीचं विचारू?"

"विचार."

"तुम्ही तिथे जेवता कुणाबरोबर?"

फोनवरचा उशीर मला तेव्हा बरा वाटला. मी म्हटलं, काम पडलंय, आणि फोन ठेवला. तीस माणसं जेवणाच्या टेबलाशी बसतात हे त्यानेच मला सांगितलं होतं. पृथ्वीच्या त्या टोकाला, जिथे किनाऱ्यापासून आत शेकडो मैल एक गवताचं पातंही नाही, तिथे लोणच्यावरून रुसायला माणूस होता. मी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या शहरात होतो. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, वाढला. थंडी, अंधार आणि वादळ हुकल्याचं दुःख मी वर्षभर करत होतो. टेबल हुकल्याचं त्या दिवशी कळलं.

पुढच्या मोहिमेत आमच्या विभागाला जागाच नव्हती. प्राध्यापकांनी ते मला स्वतः येऊन सांगितलं. मी भांडलो नाही. समोर ठेवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तो मुलगा मार्चमध्ये परतला. बारीक झाला होता. प्रयोगशाळेत त्याने फोटो दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आठवड्यात सगळे ते विसरले. दुपारी तो जिन्यात एकटाच डबा खाताना दिसायला लागला. तीन-चार दिवस मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग म्हटलं, "रविवारी घरी ये. पिठलं-भात करतो."

तो बरोबर बाराला आला. चपला दाराशी सरळ लावून ठेवल्या. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त झाली होती. निम्मं जेवण झालं. मग मी म्हणालो, "एक सांगतो. ती जागा माझी होती."

त्याने चमचा खाली ठेवला. आता तो माफी मागेल, वाकेल, आणि मला पुन्हा राग येईल असं वाटलं.

"हो," तो म्हणाला. "तुमचीच होती. तिथे मला रोज माहीत होतं."

दीड वर्षात हे मला कुणी म्हटलं नव्हतं, ना प्राध्यापकांनी ना बायकोने. ऐकल्यावर आतला जाळ विझेल असं मी धरून चाललो होतो. तो विझला नाही. आजही ती यादी आठवली की माझे कान तापतात. पण त्याची थाळी रिकामी झाली होती. मी उठलो, त्याला आणखी भात वाढला, आणि त्याने नको म्हणायच्या आत त्यावर पिठलं घातलं.