टँकरचा सोलेनॉइड

मुरुम गावातल्या गॅरेजवर मी नेहमी थांबायचो. तिथला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी सगळ्यांना गप्प करून गाडीचा आवाज ऐकायचा.

त्या दुष्काळात पाण्याचा टँकर त्याच्या दारात अडला. चावी फिरवली की स्टार्टरला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडमधून नुसती टकटक येत होती.

"सोलेनॉइडवर पाना आडवा लावून डायरेक्ट चालू करा की, मिस्त्री. गाव घागरी घेऊन बसलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"इथं हुईल चालू. माळावर बंद पडली तर लोकं काय पितील, तुझं डिझेल?"

टेस्ट लॅम्प लावत त्यानं एकेक वायर तपासली. सोलेनॉइड चांगला होता. चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली वायर गंजली होती. ती घासून बसवताच इंजिन धडधडलं.

हात धुवायला ड्रायव्हरनं टँकरचा नळ सोडला. मिस्त्रीनं तो लगेच बंद केला आणि काळे हात मातीनं चोळले.