दोनशेच्या पुढं न टिकणारं यंत्र

नामदेवभाऊ कशाचीही गरमी हाताच्या पाठीनं पाहायचे. चहाचा कप असो की इस्त्री, आधी हाताची पाठ जवळ न्यायची, डोळे बारीक करायचे आणि मगच बोलायचं. यवतमाळात आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं, मुलगा पुण्याला. दिवाळीनंतर तो आईबापांना घेऊन गेला, आता त्या दाराला कुलूप. म्हटलं, लिहून ठेवावं बाई. असा माणूस तुम्हाला कुठं भेटणार?

त्यांच्या बायकोला, सिंधूला, लकवा मारला आणि उजवा हात गेला. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, बोटं उघडी राहतील असा साचा हाताला बांधून ठेवा, नाहीतर मूठ आखडेल आणि मग उघडायची नाही. विकतचा साचा मनगटाला रुतायचा. मुलानं एक थ्रीडी प्रिंटर आणून दिलेला होता, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारं यंत्र. भाऊ फोनवर बघून बघून ते शिकले आणि सिंधूच्या हाताचं माप घेऊन त्यांनी साचा छापला. काय बसला म्हणता! सिंधू म्हणाली, "लग्नातल्या बांगड्या बी अशा नव्हत्या बसल्या जी!"

मग उन्हाळा आला. एका दुपारी तिनं तो काढून खिडकीत ठेवला. आमचं ऊन कसं असतं ते काय सांगू, साचा जुन्या चपलेसारखा वाकडा झाला. भाऊ हसले. "होते जी वयनी, कायले घाबरता! आता कडक प्लास्टिकचा करतो." पण कडक प्लास्टिकला ताप जास्त लागतो. म्हणून त्यांनी यंत्राचं वितळवणारं तोंड, त्याला ते हॉटएंड म्हणत, नवं मागवून बसवलं. जुनं काढताना तुटलं.

आणि नवं काही टिकून तापेना. दोनशे अंशांच्या पुढं जायचं, मग आकडा खाली घसरायचा आणि यंत्र आपोआप बंद. भाऊंनी ताप मोजणारा सेन्सर काढून पुन्हा बसवला. वायर बदलली. नागपूरहून दुसरा हीटर आणला. रोज सकाळी म्हणायचे, "आज होऊनच जाते." मी म्हटलं, "भाऊ, तोवर मुठीत कापडाची गुंडाळी तरी ठेवा." तर म्हणे, "दोन दिवसासाठी कायले, वयनी?" असे दोन-दोन दिवस करत वैशाख सरला. सिंधू खाटेवरून टोमणा मारायची, "माह्यापेक्षा त्या मशीनीचंच डोकं तुम्ही जास्त चेपून राह्यले."

कारण सापडलं ते कूलरची मोटर जळाली म्हणून. त्या दुपारी यंत्र सरसर तापलं आणि तापलेलंच राहिलं. घर एका खोलीचं. सिंधूसाठी लावलेल्या कूलरचा वारा थेट यंत्राच्या त्या तोंडावर जाऊन ते थंड करत होता. भाऊ लहान पोरासारखे नाचले, आणि मागं वळून पाहतात तर सिंधू घामानं भिजून धापा टाकतेय.

"चालू द्या," ती म्हणाली. "मी काही मरत नाही एवढ्यात."

त्यांनी बटण बंद केलं. मी म्हटलं, यंत्र माझ्या स्वयंपाकघरात आणा. संध्याकाळपर्यंत त्यांनी कूलरची मोटर बदलली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर साचा छापून झाला. गुळगुळीत, कडक, कुठं चीर नाही. मीही त्यांच्या मागं गेले, म्हटलं, बघावं.

भाऊंनी सिंधूची करंगळी सरळ करायला घेतली. तिनं पदर दातात धरला. करंगळी सोडली की परत मिटायची. अंगठा तर हललाच नाही, आणि नखांचे तळव्यावर काळे चंद्र उमटलेले. भाऊ खूप वेळ साचा इकडून लावून पाहत होते, तिकडून लावून पाहत होते.

शेवटी सिंधूनंच डाव्या हातानं साचा बाजूला सारला. "राहू द्या ना जी. चांगला झाला. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल."

"कोणाच्या?" भाऊ म्हणाले. "तुह्याच हाताचं माप हाय ते."