नळाच्या पाण्यातल्या दांड्या

अख्खा जन्म पोरांना रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, आणि माझ्याच घरी, विजय नगरात, एका फिल्टर विकणाऱ्यानं माझ्या आईला पाण्याची धास्ती घातली! मी कॉलेजात होतो, तेवढ्यात येऊन गेला मेला. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी दांड्या बुडवून करंट सोडला. नळाचं पाणी हिरवंकाळं झालं, वर गाळ तरंगायला लागला. मशीनचं मात्र नितळच. "देखिए माताजी, आप लोग यही पी रहे हैं।"

झालं! आईनं पाणीच सोडलं. बाटलीचं आणलं, तर दोन घोट घेऊन पेला सरकवून दिला. जीभ कोरडी पडली, चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"अगं, नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. मग दांडीचं लोखंड सुटतं आणि पाण्यात त्याचा गाळ होतो. घाण दांडीची आहे, पाण्याची नाही!"

"तुझं कॉलेज तुझ्याजवळ ठेव. मी डोळ्यानं पाह्यलं."

कप्पाळ माझं!

ऑर्डर घ्यायला तो पठ्ठ्या पुन्हा आला, तेच पेले-दांड्या मांडून बसला. मी त्याच्याच नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. "अब चलाइए, भैया।"

"सर, ऐसा नहीं करते..."

"काहून नाही करत?" म्हणून मीच बटण दाबलं. बघता बघता तोच हिरवाकाळा गाळ! दांड्या पेल्यातच सोडून त्यानं बॅग आवरली आणि निघून गेला.

"आता तरी पटलं?" मी आईवर खेकसलो.

तिनं दांडीचा झिजलेला भाग चाचपला. "हे सगळं हिच्यातूनच निघालं?"

"हो गं बाई, हो! किती वेळा सांगू?"

"मग तुझे बाबा किडनीनं गेले, ते..." तिनं दांडी खाली ठेवली. "रोज मीच भरून देत होती ना रे त्यांना, ह्याच नळाचं."

माझा सगळा राग जागीच विरला. फार लाज वाटली.

"नाही आई. पाण्यानं नाही झालं ते."

"माझ्या हातून नाही ना?"

"नाही गं."

तिनं स्वच्छ पेला घेतला, नळाखाली धरला आणि उभ्याउभ्याच गटागटा प्यायली.